‘ही गोळी कशाची?’ एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलाला सांगताना काय आधी, काय नंतर

तेरा वर्षांची एक मुलगी. आई-वडील दोघंही नाहीत, आजीकडे राहते. कळायला लागल्यापासून रोज रात्री एक गोळी, आणि विचारलं की ठरलेलं उत्तर: “रक्त वाढायची आहे.” एके दिवशी तिने मामाच्या मोबाइलवर डबीवरचं नाव टाकलं. काय वाचलं ते आठ महिने कुणालाच बोलली नाही. त्या आठ महिन्यांत ती वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली, मैत्रिणीच्या डब्यात हात घालेनाशी झाली, स्वतःचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला अडकवू लागली. घरच्यांना वाटलं, वयात येतेय, असं होतंच. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढून आला तेव्हा उलगडा झाला. गोळ्या गादीच्या खोळीत साठत होत्या.

आजी माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाली, “सांगणारच होते हो. दहावी झाल्यावर.”

सोलापुरात अशा मुलांचं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं समुपदेशन करताना मला त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. सांगायला उशीर होतो. सांगण्याआधी खोटं कारण रुजवलेलं असतं. वेळ चुकीची निवडली जाते. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे सांगून झालं की काम संपलं, असं समजणं. म्हणून हा लेख आई, आजी, मामा, आत्या, वसतिगृहातल्या ताई अशा सगळ्यांसाठी आहे, जे त्या मुलाला रोज गोळी देतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांमध्ये उदासी आणि चिंता इतर मुलांपेक्षा जास्त आढळते. त्याची कारणं एकात एक गुंतलेली असतात: आई-वडिलांचं जाणं, घरातली ओढाताण, लोकांचं बोलणं, उशिरा औषध सुरू झालं असेल तर विषाणूचा मेंदूवर झालेला परिणाम. यातलं बरंचसं आपल्या हातात नाही. मुलाला काय, कधी आणि कुणाच्या तोंडून कळतं, हे मात्र आपल्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ पासूनची सूचनाही हीच आहे: शाळकरी वयाच्या मुलाला त्याची स्वतःची स्थिती सांगावी, त्याहून लहान मुलांना समजेल तसं थोडं थोडं सांगत जावं.

### पायरी १: आधी सांगणाऱ्याची तयारी

बहुतेक घरं ही पायरी गाळतात आणि तिथेच पुढचं सगळं बिघडतं.

‘एचआयव्ही’ हा शब्द तुम्हाला मोठ्याने म्हणता येतो का, ते पाहा. आवाज खाली न नेता, इकडे तिकडे न बघता. शब्द उच्चारताना तुमचा चेहरा पडला, तर मुलाला शब्दाआधी चेहराच कळतो. शहराच्या पूर्व भागातले एक काका पुतण्याला सांगण्याआधी महिनाभर कारखान्यात माग चालू असताना हा शब्द म्हणायचा सराव करत होते. त्या खडखडाटात शेजारच्या मागावरच्यालाही ऐकू जात नाही ना, म्हणून. पहिले काही दिवस घशातून आवाजच फुटला नाही, असं ते सांगतात. महिन्याने तो शब्द त्यांच्यासाठी ‘साखर’, ‘बीपी’ यांच्यासारखा झाला. मग ते घरी बोलले.

आई स्वतः एचआयव्हीसह जगत असेल, तर तिच्या मनातला अपराधीपणा आधी कुणापुढे तरी मोकळा व्हायला हवा. एआरटी केंद्रातल्या (एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रातल्या) समुपदेशकाकडे एक वेळ फक्त स्वतःसाठी मागून घ्या, मुलाला न नेता. ते रडू तिथे होऊन जाऊ द्या. मुलासमोर आई कोसळली, तर ते मूल आईला सांभाळत बसतं आणि त्याचं स्वतःचं दुःख आतच राहतं. अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. फार शहाणी, फार शांत, आणि आतून पार थकलेली.

त्यानंतर घरातल्या माहीतगार मोठ्यांनी एकत्र बसून चार उत्तरं ठरवून घ्यावीत, कारण हे चार प्रश्न येतातच:

“मी मरणार का?”
“बाबा यानेच गेले का?”
“हे माझ्यात कुठून आलं?”
“आत्तापर्यंत का नाही सांगितलं?”

प्रत्येकाचं उत्तर दोन वाक्यांत, खरं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच असावं. आजी एक सांगते आणि मामा दुसरं, असं झालं की मूल तिसऱ्याला विचारायला जातं.

सावधान: गेलेल्या वडिलांना दोष देऊ नका. “तुझ्या बापाने आणलं हे घरात” हे वाक्य रागात निघतं, पण मूल अर्धं त्या बापाचंच असतं. तो दोष ते स्वतःवर घेतं.

तपासून पाहा: चारही प्रश्न घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने तुम्हाला विचारावेत. उत्तर देताना तीनदा अडखळलात, तर अजून पंधरा दिवस थांबा. महिने लावू नका.

### पायरी २: मुलाला आधीच किती माहीत आहे?

आपण समजतो त्यापेक्षा जास्तच माहीत असतं. केंद्राबाहेरची पाटी त्याने वाचलेली असते. रांगेतल्या बायकांचं बोलणं त्याच्या कानावर पडलेलं असतं. म्हणून थेट सांगायला बसण्याआधी सहज विचारा: “तुला काय वाटतं, ही गोळी कशासाठी असेल?” आणि मग गप्प बसा. दुरुस्त करू नका, हसू नका, “कुणी सांगितलं तुला?” असं दरडावू नका. दरडावलंत, तर मुलाला एवढंच कळतं की हा विषय काढायचा नसतो.

‘रक्त वाढायची गोळी’ या उत्तराबद्दल थोडं. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळते, लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळी. ती खरोखरच रक्त वाढायची गोळी असते आणि सगळ्या वर्गाला मिळते. मग मूल विचार करतं: सगळ्यांना आठवड्यातून एक पुरते, मला रोज का? आणि ती घ्यायला सिव्हिललाच का जावं लागतं? खोटं इथे उघडं पडतं, तेही अशा जागी जिथे विचारायला कुणी नसतं.

त्यातच औषधाची एक बाब आहे. डोल्युटेग्राविर (एचआयव्हीवरचं एक औषध) असलेली गोळी आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी एकदम घेतली, तर डोल्युटेग्राविर अंगी नीट लागत नाही. लोहाच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर ते घ्यावं. दोन्ही एकत्र घ्यायच्याच असतील तर जेवणासोबत. शाळेच्या गोळीचा वार केंद्रात सांगून ठेवा.

### पायरी ३: वयाप्रमाणे थोडं थोडं

सांगणं बाराव्या वर्षी एका दुपारी सुरू होत नाही. ते पाच-सहाव्या वर्षीच सुरू व्हायला हवं, रोगाचं नाव न घेता.

लहान मुलाला एवढं पुरे: “तुझ्या रक्तात एक जंतू आहे. तो जागा झाला की तू आजारी पडतोस. गोळीने तो झोपून राहतो.” हे खरं आहे. पुढे नाव सांगायची वेळ येते तेव्हा या वाक्यात फक्त भर पडते, काही खोडावं लागत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला रक्तातल्या पांढऱ्या पेशी, तपासणीसाठी रक्त का काढतात, गोळी चुकली तर काय होतं, हे सांगता येतं. दहा ते बाराच्या दरम्यान नाव. मूल समजूतदार असेल किंवा आपणहून विचारू लागलं असेल, तर त्याआधीही.

सावधान: “गोळी घेतली नाहीस तर मरशील” हा धाक कुठल्याच वयात नको. धाकाने चार दिवस गोळी पोटात जाते. त्यानंतर, जगणं नकोसं वाटणाऱ्या पोराच्या हाती आपणच एक साधन दिलेलं असतं.

मूल तेरा-चौदाचं झालंय आणि अजून काहीच सांगितलेलं नाही, असं असेल तरी घाबरून आजच्या आज सांगून टाकू नका. पायरी १ आणि २ तीन-चार आठवड्यांत करा, आणि मग बोला.

### पायरी ४: दिवस, जागा, भाषा

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको, ताप असताना नको, आई किंवा वडील गेले त्या तिथीच्या आसपास नको. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचा आनंद त्या बातमीशी कायमचा जोडला जाईल, म्हणून तेव्हाही नको. लग्नकार्याला पाहुणे जमले असताना तर नकोच नको.

शनिवारी दुपार बरी. शाळा सकाळची असते आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. पण खरा निकष वेगळा आहे: पुढचे सात दिवस सांगणारं माणूस घरात असायला हवं. शनिवारी सांगितलं आणि सोमवारी आई कामासाठी पुण्याला गेली, तर मूल त्या बातमीसोबत एकटं राहतं.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. मुलाला समोर बसवून, दोन्ही हात धरून, “तुला एक महत्त्वाचं सांगायचंय” अशी सुरुवात करू नका. त्यातच त्याचं काळीज धसकतं. हात कामात असलेले बरे. एका आजीने नातवाला चटणीसाठी शेंगा फोडता फोडता सांगितलं. दोघांच्या मध्ये सूप, डोळे सुपात, बोटं टरफलांत. अवघड वाक्य आलं की शेंग फुटायचा आवाज तेवढा येई. त्या मुलाने नंतर मला सांगितलं, “आजी माझ्याकडं बघत नव्हती म्हणून मला रडता आलं.”

आता भाषा. आपल्या शहरात हे विसरलं जातं. शाळा मराठी, घरात तेलुगू किंवा कन्नड, कुठे दख्खनी. केंद्रात समजावणारे मराठीत समजावतात आणि मूल मान डोलावतं. मूल ज्या भाषेत रडतं, त्याच भाषेत सांगा. ‘विषाणू’ला घरच्या भाषेत काय म्हणायचं, ते आधीच ठरवून ठेवा.

तपासून पाहा: भावंडांपैकी एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, असं असेल तर दोघांना एकत्र बसवून सांगू नका. आधी ज्याचं त्याला. दुसऱ्याला सांगायचं की नाही, ते पहिल्याला विचारून.

### पायरी ५: प्रत्यक्ष सांगणं

सांगणारा एकच असावा, ज्याच्यावर मुलाचा सर्वांत जास्त जीव आहे तो. डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने सांगावं, अशी गळ घातली जाते. आम्ही सोबत बसू शकतो, अडलं तर हात देऊ शकतो. पण परक्या तोंडून ऐकलं, की “घरचे माझ्याशी बोलू शकले नाहीत” हे त्याच्या मनात राहतं.

शब्द साधारण असे असावेत. तुमच्या बोलण्यात बसतील तसे बदलून घ्या:

“तू रोज गोळी घेतोस ना, ती कशाची ते सांगते. तुझ्या रक्तात तो जंतू आहे म्हटलं होतं, त्याला नाव आहे. एचआयव्ही. तो जन्मापासून आहे. तू काही केलंस म्हणून आलेला नाही. गोळीने तो झोपून राहतो. इतकी वर्षं तू गोळी घेतोयस, म्हणून शाळेत जातोस, खेळतोस, पळतोस.”

इथे थांबा.

या थांबण्यातच सगळ्यांची गडबड होते. शांतता सोसवत नाही म्हणून मोठी माणसं बोलत सुटतात: कायदा, औषध, देव, नशीब, “तू घाबरू नकोस हं, काही होत नाही.” मुलाला एक वाक्य आत घ्यायला वेळ लागतो. दहा मिनिटं शेंगाच फोडाव्या लागल्या तरी फोडा. पुढचं वाक्य त्याने विचारल्यावरच.

“मी मरणार का?” याला उत्तर: “रोज गोळी घेतलीस तर या आजाराने मरायचं कारण नाही. तुझ्यासारखी मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलंही झाली.” हे धीर देण्यापुरतं म्हटलेलं नाही, अक्षरशः खरं आहे. औषधावर असलेल्या आईच्या बाळाला एचआयव्ही होण्यापासून बहुतेक वेळा वाचवता येतं.

“कुठून आलं?” याला आईने म्हणावं: “माझ्याकडून. मला तेव्हा माहीत नव्हतं.” एवढंच. माफी मागत बसू नका, पाय धरू नका. पोराला त्याचं काय करावं ते कळत नाही.

“बाबा यानेच गेले का?” हो, तर हो म्हणा. सोबत फरकही सांगा: आजार उशिरा कळला, किंवा औषध मध्येच सुटलं, जे खरं असेल ते.

“का नाही सांगितलं?” याला सर्वांत चांगलं उत्तर मी एका मामांकडून ऐकलं: “मला भीती वाटत होती. चुकलं माझं.”

मोठ्या मुलांना, पंधरा-सोळाच्या पुढे, आणखी एक गोष्ट कळायला हवी. औषध नीट चालू राहून रक्तात विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. “आपण कुणालाही जवळ करायच्या लायकीचे नाही” हा विचार या वयात मनाला फार पोखरतो, आणि याच माहितीने तो हलका होतो. हे बोलायला घरी संकोच वाटत असेल, तर आमच्यावर सोपवा. पण कुणीतरी बोललंच पाहिजे.

सावधान: शप्पथ घालू नका. “कुणाला सांगितलंस तर माझी शप्पथ आहे” म्हटलं, की बोलणं म्हणजे आईला मारणं, असं मुलाला वाटतं. संकट आलं तरी ते तोंड उघडत नाही.

### पायरी ६: पहिला दिवस, पहिला आठवडा

काही मुलं रडतात. काही “बरं” म्हणून खेळायला निघून जातात, आणि घरच्यांना हायसं वाटतं. ‘बरं’ म्हणणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्या. त्यांचा प्रश्न तीन दिवसांनी, भलत्याच वेळी येतो, रिक्षात किंवा भाकरी थापताना. येईल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा.

त्या रात्रीची गोळी नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच माणसाने द्यायची. त्यावर भाषण नको. दुसऱ्या दिवशी तेच ताट, तीच चादर, झोपायची जागाही तीच. लाड एकदम वाढवू नका. नवा मोबाइल, नवे कपडे आले की मुलाला वाटतं, आपण आता थोड्याच दिवसांचे सोबती.

चिडचिड, झोप उडणं, तोच प्रश्न पाच वेळा विचारणं, लहान मूल असेल तर अंथरूण ओलं होणं, हे सगळं दोन आठवड्यांपर्यंत चालू शकतं. तेवढ्यासाठी घाबरू नका.

तपासून पाहा: आठवड्याच्या शेवटी विचारा, “मी तुला काय सांगितलं होतं, तुझ्या शब्दांत सांग बघू.” आजाराबद्दल काय चुकीचं समजलंय, ते इथे कळतं. एका मुलीला वाटत होतं, आपला घाम लागला तर लहान भाऊ आजारी पडेल. सहा दिवस तिने त्याला कडेवर घेतलं नव्हतं.

### पायरी ७: लपवायचं आणि आपल्यापुरतं ठेवायचं, यातला फरक

“हे कुणाला सांगायचं नाही” एवढंच म्हटलं, की मुलाला ती लाजेची गोष्ट वाटते. त्याऐवजी म्हणा: “घरात पैसे किती आहेत ते आपण दारोदार सांगत फिरत नाही ना? तशी ही घरची गोष्ट आहे. ज्याच्याशी बोलायचं, तो आपण निवडायचा.”

मग हाताची पाच बोटं पुढे करायला सांगा. प्रत्येक बोटाला एक माणूस, ज्याच्याशी याबद्दल बिनधास्त बोलता येईल असा. दोनच बोटं भरली तरी चालतील. एकही भरलं नाही, तर आधी तिथे काम करायला हवं. त्या यादीत समुपदेशक असू शकतो, आणि शक्य असेल तर त्याच्यासारखंच दुसरं मूल. झिम्बाब्वेत ‘झ्वांदिरी’ नावाच्या कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणारी थोडी मोठी मुलं लहानांना साथ देतात. तिथल्या चाचणीत अशा मुलांचा विषाणू जास्त चांगला आटोक्यात राहिलेला दिसला. आपल्या केंद्रात मुलांची गटबैठक होते का, विचारा. होत नसेल, तर मागणी करा.

शाळेला सांगणं बंधनकारक नाही. “औषध चालू आहे, दवाखान्याची तारीख असते” एवढं वर्गशिक्षकांना पुरतं. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीमुळे शाळेत प्रवेश नाकारणं, वेगळं बसवणं, संमतीशिवाय स्थिती फोडणं, या सगळ्याला त्यात मनाई आहे. मुलाला शाळेसाठी एकच गोष्ट शिकवा: खरचटलं, रक्त आलं, तर रुमाल स्वतःच दाबून धरायचा. एचआयव्ही असो वा नसो, ही सवय सगळ्याच मुलांना असावी.

### पायरी ८: पुढची वर्षं, मनाकडे नजर ठेवण्याची

किशोरवयात मनाची बातमी बहुतेक वेळा आधी डबीतून मिळते. गोळ्या उरल्या, किंवा व्हायरल लोड वाढून आला, की पहिलं वाक्य “का नाही घेतल्या?” असं असू नये. “हल्ली कसं वाटतंय तुला?” असं असावं. बऱ्याच वेळा गोळी सुटण्याआधी मन सुटलेलं असतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ यातलं काही दिसलं, तर थांबू नका: आवडीच्या खेळात रस नाही, जेवण कमी किंवा जास्त, रात्री जाग आणि दिवसा झोप, शाळा टाळणं, “मी ओझं आहे” अशा अर्थाचं बोलणं, हातावर ओरखडे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. सोलापूरच्या मे महिन्यात कुणी मुलगा पूर्ण बाह्या सोडायला तयार नसेल, तर आधी त्याचे हात बघा.

उंचीकडेही लक्ष असू द्या. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या काही मुलांची वाढ मागे राहते, वयात येणं उशिरा होतं. वर्गात सगळ्यांचे आवाज फुटले, मिसरूड आली, आणि हा अजून पहिल्या रांगेत. “याला काय खायला घालत नाहीत का?” ही थट्टा पाहुणेही करतात. घरात ती बंद करा.

औषधाचाही मनावर परिणाम होऊ शकतो. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घेता येते. कुणाच्या औषधात अजून एफाविरेन्झ असेल, तर भलतीसलती स्वप्नं, गरगरणं, उदासी येऊ शकते. हे सांगितलं तर औषध बदलता येतं. मनाने बंद करू नका, बंद केल्याने विषाणू त्या औषधाला सरावतो.

सावधान: मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना एआरटीची पुस्तिका सोबत न्या आणि दाखवा. मूड सावरण्यासाठी किंवा फिट्ससाठी देतात त्या कार्बामाझेपिनमुळे डोल्युटेग्राविरचा असर कमी होतो. डॉक्टरांना माहीत असेल, तर ते मात्रा किंवा औषध बदलतात. उदासीवरची नेहमीची बरीच औषधं एआरटीसोबत चालतात.

### पायरी ९: जीवाला धोका वाटला तर

थेट विचारा: “जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंयस का?” विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही. उलट कुणीतरी विचारलं, म्हणून ते मोकळं होतं.

उत्तर “हो” आलं, किंवा उत्तरच आलं नाही आणि तुमच्या पोटात गोळा आला, तर क्रम असा:

१. मुलाला एक क्षणही एकटं सोडायचं नाही, झोपतानाही.
२. घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात. एआरटीसुद्धा एकेक दिवसाची हातात द्यायची. शेतावर राहत असाल, तर फवारणीचं औषध आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात.
३. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.
४. काही केलं असेल, किंवा आत्ता करेल असं वाटत असेल, तर १०८ ला फोन, नाहीतर थेट रुग्णालयाचा अपघात विभाग.

मारू नका. “आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं” हे त्या रात्री बोलू नका. देवऋषी, उतारा, जे काही करायचं असेल ते नंतर. आधी दवाखाना.

एचआयव्हीबद्दल शंका असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. मुलाचा घरातच छळ होत असेल, तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

### पायरी १०: कागद आणि पैसा

थोडक्यात सांगते. आई-वडील नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. अर्ज देताना “या कागदात मुलाचा आजार लिहिलाय, तो कोण कोण पाहणार?” असं आधी विचारा. मुलाची स्थिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, हे त्यांना ठामपणे सांगा. एका कुटुंबाची झेरॉक्स काढताना दुकानातच बोभाटा झाला आणि पोराने शाळा सोडली. झेरॉक्स ओळखीच्या गल्लीत काढू नका.

### आणि पुढची तारीख

केंद्रातल्या पुढच्या तारखेला जाण्याआधी मुलाला एक कागद द्या आणि म्हणा, जे विचारायचंय ते लिही, मी वाचणार नाही. तिथे पोचल्यावर पाच मिनिटं त्याला आत एकट्याला जाऊ द्या, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. तो काय विचारतो ते तुम्हाला कळणार नाही. आमच्याकडे आलेल्या एका कागदावर तीन प्रश्न होते: मला पोलिसात भरती होता येईल का, गोळी घेऊन पंढरपूरला चालत जाता येईल का, आणि आजीला सांगू नका, पण मी नीट घेतोय ना?